दांडा कसा मोडला

आमचे मास्तर यंत्रांना 'अहो' म्हणत आणि माणसांना 'अरे'. शाळेच्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देताना ते अदबीने विचारत, "काल आपण चार मिनिटं मागे पडलात, प्रकृती बरी आहे ना?" आणि लगेच खाली बघून ओरडत, "शिडी नीट धर रे!" शिडी धरून उभे असलेले हेडमास्तर ती नीट धरत.

मास्तरांचे नाव मी लिहीत नाही. शाळेचे माजी विद्यार्थी स्मरणिका काढत आहेत, त्यांनीच माझ्याकडे हा लेख मागितला आहे, आणि त्या सगळ्यांना ते नाव ठाऊक आहे. त्यांच्या पत्रात एक वाक्य आहे : 'सर, तो इंजिनाच्या दांड्याचा प्रसंग जरूर लिहा, तुमचा मोठेपणा नव्या पिढीला कळू दे.' ते वाक्य वाचल्यावर दोन दिवस मला जेवण गेले नाही. प्रसंग लिहितो. मोठेपणा कुठे सापडला तर ज्याने त्याने वेचून घ्यावा.

महाराजांच्या कारकिर्दीची ती अखेरची वर्षे होती. मी बडोद्याच्या एका खाजगी शाळेत सायन्स शिकवायला लागलो होतो, आणि मास्तर तिथे मुलांना सुतारकाम आणि लोहारकाम शिकवत. त्याआधी वीस वर्षे ते रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. शाळेत आले तरी त्यांनी कारखान्याजवळची प्रतापनगरची खोली सोडली नाही, कारण तिथून छोट्या रुळांवरच्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐकू येत. जेवताना शिट्टी झाली की घास हातात धरून ते कान देत. "सात नंबरच्या बाईंना आज दमा आहे," असे म्हणत आणि मग घास तोंडात घालत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणायच्या, "माझ्या खोकल्याची कधी एवढी चौकशी झाली नाही हो."

माणसांना ते विषयावरून हाक मारत. मी 'सायन्स', संस्कृतचे शास्त्रीबुवा 'विभक्ती'. त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात स्क्रू असत आणि डाव्यात भाजलेले शेंगदाणे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे मूठ उघडली आणि म्हणाले, "घे रे सायन्स." मी तोंडात टाकले आणि दाढेखाली पितळेचा नट आला. ते हळहळले. "अरेरे! चावलास की काय त्यांना?" ही चौकशी नटाची होती.

पण गावात त्यांची कीर्ती होती ती हकिगतीबद्दल. मोडलेली कुठलीही वस्तू आणा, मास्तर आधी हात मागे बांधून म्हणत, "हकिगत." ती कशी मोडली, कुठून पडली, किती उंचीवरून, कोणत्या अंगावर, हे सगळे सांगितल्याशिवाय ते वस्तूला बोट लावत नसत. ऐकलेले सारे एका जाड वहीत लिहून घेत आणि मगच पाना उचलत.

एकदा त्यांच्या शेजारची एक गुजराती बाई शिवणयंत्र घेऊन आली. चाक वाकडे झाले होते.

"हकिगत."

"एनी मेळे तूटी गयुं, मास्तर." आपोआप तुटले म्हणाली.

"मग घरी घेऊन जा. आपोआप दुरुस्त होईल."

बाई चिडून गेली. दोन दिवसांनी परत आली आणि मान खाली घालून म्हणाली, "इस्त्री फेकेली." नवऱ्यावर फेकलेली इस्त्री चुकून यंत्राला लागली होती. मास्तरांनी विचारले, "कोणत्या बाजूनं?" पंधरा मिनिटांत चाक सरळ झाले. बाई गेल्यावर मी म्हटले, "नवऱ्याची चौकशी तरी करायची."

"त्याला लागली नाही ना? मग त्याची हकिगत होत नाही."

एकदा मी त्यांना विचारले, की लोक तुमच्याशी खोटे बोलले तर? त्यांना प्रश्नच कळला नाही. "खोटं बोलणं चांगलं की वाईट ते कीर्तनकाराला विचार. मला फक्त धक्का कुठून बसला तेवढं हवं. अरे, माणसानं सांगितलं ते मापासारखं धरायचं. फूटपट्टीवरच संशय घेतला तर मी कापू काय?"

हे बोलणे मी हसण्यावारी नेले. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो.

आता इंजिन. शाळेच्या एका विश्वस्तांनी विलायतेहून ते आणून शाळेला दिले होते. हातभर लांब, बहुतेक सगळे पितळी, खऱ्या वाफेवर चालणारे. खाली स्पिरिटचा दिवा, वर बॉयलर, दोन्ही अंगांना चाके ढकलणारा एकेक दांडा. दांड्याचे टोक चाकातल्या पिनवर बसवलेले. मुलांना वाफेचे यंत्र समजावे म्हणून ते वर्षातून एकदा प्रदर्शनाच्या दिवशी टेबलांवर मांडलेल्या रुळांवर चालवत. एरवी ते नमुन्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात असे. त्या कपाटाची किल्ली मास्तर कोणाला देत नसत. मला दिली. "सायन्सला यांची विचारपूस करू दे," म्हणाले.

माझी नोकरी अजून कच्ची होती. प्रदर्शनानंतर मला कायम करायचे की नाही ते ठरणार होते. त्याच्या आधीच्या रविवारी पुण्याहून माझा मेहुणा आला. त्याच्यासमोर मिरवावे म्हणून मी त्याला शाळेत नेले, कपाट उघडले आणि इंजिन बाहेर काढून टेबलावर ठेवले. "चालवून दाखवा की," तो म्हणाला. दिवा पेटवायची माझी छाती झाली नाही. मी नुसतेच ते हाताने ढकलून दाखवू लागलो. इंजिन टेबलाच्या कडेला गेले आणि खाली फरशीवर कोसळले.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. एका अंगाची पिन मोडली होती आणि त्या अंगाचा दांडा मध्यावर वाकला होता. मेहुणा म्हणाला, "कुणी पाहिलं नाही ना? मग झालं." मी मास्तरांच्या टेबलावरची पक्कड घेतली आणि दांडा थंडाच दाबून सरळ केला. पिन मात्र मला जमण्यासारखी नव्हती, म्हणून सोमवारी मास्तरांना सांगणे भागच होते.

त्यांनी हात मागे बांधले. "हकिगत."

"चाक फिरतंय का ते हातानं बघत होतो. अडकलं, म्हणून जरा जोर दिला, तर पिन तुटली."

"पडले का कुठून?"

"नाही."

"दांडा वाकला होता?"

"नाही मास्तर."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दांडा डोळ्याजवळ नेला. "हे पकडीचे दात दिसतात."

"ते आधीपासूनच असतील."

"असतील," ते म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहिले. मी समोरच उभा होतो. त्यांनी लिहिताना एकदाही माझ्याकडे पाहिले नाही. संशय आला असता तर पाहिले असते. पितळ वाकवून थंडेच सरळ केले की वाकल्या जागी ते आतून चिरते, ही गोष्ट मुलांना तेच शिकवत. दांडा वाकला होता एवढे कळले असते तर त्यांनी तो फेकून नवा केला असता. तीन दिवसांचे काम होते आणि हातात पाच दिवस होते. त्यांनी फक्त पिन नवी केली. केसाएवढे माप तपासून ती चाकात बसवली, इंजिन दोनदा चालवून पाहिले आणि त्याला म्हणाले, "आता आपण ठणठणीत."

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरला होता. पाहुणे खुर्च्यांवर होते, आणि टेबलांच्या अगदी पुढे, जमिनीवर, पहिलीची मुले बसवली होती. इंजिनाने पहिली फेरी केली, दुसरी केली. टाळ्या वाजत होत्या. तिसऱ्या फेरीत वळणावर टकटक असा आवाज आला आणि मास्तर जागेवरून उठले. बाकी कोणालाही काही कळले नव्हते. तेवढ्यात दांडा मधोमध तुटला, त्याचे लोंबते टोक रुळाच्या पट्टीत रुतले आणि सगळे इंजिन, पेटत्या दिव्यासकट, उकळत्या पाण्यासकट, उसळून मुलांच्या दिशेला फेकले गेले.

मास्तरांनी ते दोन्ही हातांनी झेलले.

झेलले आणि धरून ठेवले. टाकायला जागाच नव्हती, खाली मुले होती. बॉयलर त्यांनी छातीशी धरला होता, तळव्यांमधून वाफ येत होती, आणि ते इंजिनाला म्हणत होते, "थांबा. थांबा. झालं." ते पावले मोजत दारापर्यंत गेले आणि बाहेरच्या मातीत त्यांनी ते हळूच ठेवले. सायन्सचा मास्तर मी. पाण्याची बादली हाताशी होती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. शिपायाने बादली उचलली आणि ओरडला, "अरे साहेब, शुं जोया करो छो? हाथ पकडो एमना!" नुसते बघत काय राहिलात, त्यांचे हात धरा, असे तो मला सांगत होता.

हात पाण्यात घालण्याआधी मास्तरांनी तुटलेला दांडा बघायला मागितला. हातात धरता येत नव्हता, म्हणून शिपायाने तो डोळ्यांसमोर धरला. हेडमास्तर धावत आले होते, मागून विश्वस्त आले होते. "हे झालं कसं?" विश्वस्त गरजले.

"माझा हात चुकला," मास्तर म्हणाले.

मी तीन पावलांवर होतो. एक वाक्य बोलायचे होते. मला पुढे कितीतरी वर्षे वाटत राहिले, की तेव्हा मी बोलायला तोंड उघडले होते. उघडले नव्हते.

दवाखान्यात दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले. "सायन्स, वहीत लिही. मला लिहिता येत नाही." मी वही उघडली. ते शांतपणे सांगू लागले. दांडा वाकला नव्हता, इंजिन पडले नव्हते, मग दांड्यावर ताण येण्याचे एकच कारण उरते. नवी पिन तिरकी बसली असणार. माप बरोबर घेतले आणि तरी तिरकी बसली, म्हणजे हाताचा दोष. "लिहिलंस?"

मी लिहिले. माझ्याच अक्षरात ते त्या वहीत आहे. माझे खोटे त्यांनी खरे धरले आणि त्यावर एकेक पायरी चढत जाऊन ते स्वतःलाच दोषी ठरवून मोकळे झाले. मी हादरून गेलो होतो, आणि तरी प्रत्येक शब्द नीट शुद्ध लिहीत होतो.

त्या महिन्यात मी कायम झालो.

मास्तरांचे तळहात दोन महिन्यांत बरे झाले. डॉक्टर म्हणाले, आता वाटेल ते काम करा. मास्तरांनी कानशी, पाने, हातोड्या एका पोत्यात बांधल्या आणि प्रतापनगरच्या तरुण फिटरांना वाटून टाकल्या. शाळा सोडली. नदीपलीकडे अकोट्याला, तिथे तेव्हा शेतेच जास्त, एका ओळखीच्याच्या जागेत काकूंना घेऊन राहायला गेले. शिट्ट्या ऐकू येणार नाहीत एवढे लांब. लोक म्हणाले, हात भाजल्याने म्हातारा घाबरला.

तिकडे जायला मला सहा वर्षे लागली. महाराज गेले, सगळे बडोदे रस्त्यावर उतरले, मला मुलगी झाली, आणि रोज शाळेत जाता-येता मी त्या रिकाम्या काचेच्या कपाटावरून जात होतो. एका सकाळी सायकल काढली आणि पूल ओलांडला.

मास्तर वांग्याच्या वाफ्यात बसले होते. मला बघून इतके आनंदले की माझ्याने बघवेना. घरात गेलो. भिंतीवर घड्याळ होते. ते बंद होते. साडेतीनला थांबलेले.

"मास्तर, घड्याळ बंद आहे."

"हो रे. चार वर्षं झाली."

"मग?"

"मला कुठे येतं दुरुस्त करायला," ते म्हणाले. चेष्टा नव्हती. एखाद्याला पोहता येत नाही तसे सांगितले. मी तिथेच, चहा यायच्या आत, सगळे सांगून टाकले. मेहुणा, टेबल, फरशी, पक्कड, खोटे.

ते ऐकत राहिले. मग सवयीने त्यांचे हात मागे गेले, आणि मला वाटले, आता सुटलो.

"किती उंचीवरून पडले?"

"टेबलावरून."

"कोणत्या अंगावर?"

"डाव्या."

त्यांनी हळूच मान हलवली. "तुटला उजवा दांडा."

मला घाम फुटला. इंजिनाची डावी-उजवी ड्रायव्हरच्या बसण्यावरून धरतात, ही रेल्वेची रीत. मी त्या रविवारी इंजिनाच्या तोंडासमोर उभा होतो. माझी डावी ती त्याची उजवी. "म्हणजे माझी डावी, मास्तर! मी समोरून बघत होतो. इंजिनाची उजवीच!" मी घाईघाईने बोलत होतो, आणि बोलताना मलाच ते सारवासारव केल्यासारखे ऐकू येत होते.

मास्तर हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "अगं ए, बाहेर ये," त्यांनी काकूंना हाक मारली. "हा बघ वेडा. माझी चूक आपल्या अंगावर घ्यायला नदी ओलांडून आलाय. पाठ करून आलाय सगळं, पण डाव्या-उजव्यात फसला!"

"मास्तर, खरंच सांगतो—"

"पुरे रे. खोटं बोलायला तुला येत नाही. तेव्हाही येत नव्हतं."

काकू दारात उभ्या होत्या. आत गेल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी शिरा आणून माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

पुढे मास्तर भेटेल त्याला हे सांगत. "सायन्ससारखा माणूस बघितला नाही. माझ्यासाठी स्वतःवर बालंट घेत होता." शाळेत ही गोष्ट पसरली. नवे मास्तर माझ्याशी आदराने बोलू लागले. मी नाही म्हणालो की लोकांना तो विनय वाटे, गप्प राहिलो की त्याहून मोठा विनय वाटे. मास्तर गेले तेव्हा शोकसभेत हेडमास्तरांनी तीच गोष्ट सांगितली आणि सगळा हॉल माझ्याकडे वळून बघू लागला. तोच हॉल. मागच्या रांगेत कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या ऐकून मी उठलो तो थेट अकोट्याला गेलो. काकू एकट्याच होत्या. मी म्हणालो, "काकू, ते गेले. आता तुम्ही तरी ऐका. त्या दिवशी मी खरं सांगत होतो. त्यांचा हात चुकला नव्हता."

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या.

मी टोपी काढून हातात घेतली.

"आतून सगळं ऐकत होते. दारात येऊन तुला पाहिलं तेव्हाच कळलं. खोटं सांगायला आलेला माणूस असा घामेजत नाही."

"मग त्यांना सांगितलं का नाहीत? सहा वर्षं त्यांनी हत्याराला हात लावला नव्हता! त्यांनी पुन्हा काम केलं असतं—"

"केलं असतं?" काकूंचा आवाज चढला नाही. "हात चुकला म्हणून त्यांनी हत्यारं सोडली. आपल्या हातानं किल्ली दिलेल्या माणसानं तोंडावर खोटं सांगितलं हे कळलं असतं, तर काय काय सोडलं असतं? उद्यापासून कुणाची हकिगत खरी धरली असती त्यांनी? माझी तरी?"

त्यांनी कोपऱ्यातला दिवा पुढे ओढला.

"तू येऊन गेल्यापासून ते रात्री नीट झोपायला लागले. म्हणायचे, हात गेला पण माणूस मिळाला. आता मी असेपर्यंत हे कुणाला सांगू नकोस. त्यांच्या पाठीमागे लोकांनी त्यांच्या भोळेपणाला हसलेलं मला चालणार नाही."

काकू असेपर्यंत मी सांगितले नाही. गेल्या चैत्रात त्या गेल्या. म्हणून संपादकांना विनंती, की हा लेख छापायचा तर एक अक्षर न गाळता छापा, नाहीतर छापू नका. नवी पिन सरळ बसली होती. त्यांच्या हाताला दोष नव्हता. दोष माझा होता.

शोकसभेच्या त्या संध्याकाळी निघताना मी काकूंना एकच विचारले. सगळे ठाऊक होते, मग मी कबुली द्यायला आलो त्या दिवशी मला शिरा का केलात?

काकूंनी दिवा लावायला काडी ओढली होती. ती त्यांनी वातीला लावली.

"ते बघत होते ना," त्या म्हणाल्या.